गचक्याचं एकेचाळिसावं कार्ड

९ जानेवारी

प्रिय भोंग्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडताच टायरच्या ढिगावर भिरकावलं असतंस, म्हणून पत्ता आमच्या टायपिस्टबाईंकडून टाइप करून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. आठ वर्षांनी का होईना, सख्ख्या बहिणीचं पत्र आहे. कारण घरगुती नाही, कामाचं आहे, तेव्हा घाबरू नकोस.

आमच्या शब्दकोशाचा ‘ग’चा खंड यंदा छापायला जायचा आहे आणि मी ‘गचका’पाशी अडकले आहे. ‘गगन’ कधीच झाला. ‘गचपण’ आणि ‘गच्ची’ तयार होऊन ताटकळत बसलेत. मधला हा एक काही केल्या सुटत नाही. मी लिहिलं होतं, ‘गाडीला अचानक बसणारा धक्का. मूळ : आवाजावरून आलेला असावा.’ आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे लाल पेन म्हणतो. त्यांनी दोन्ही वाक्यांवर काट मारली. म्हणाले, “बाई, धक्का बघावा तर तिथं गचका लिहिलंय, गचका बघावा तर इथं धक्का. वाचकानं काय झोके घ्यायचे? आणि ‘असावा’ म्हणजे काय? अंदाजपंचे दाहोदरसे?”

तीस वर्षं हे काम करते आहे, आणि एका गचक्यानं माझी ही गत केली. पुस्तकं धुंडाळून झाली. ज्याला त्याला विचारून झालं. मग लक्षात आलं की ज्याला विचारायला हवं तो माझाच भाऊ आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही.

तर सांग. क्लच पटकन सोडला की बसतो तो हिसका. मागच्यानं ठोकलं की धक्का. शेजारून मोठा ट्रक गेला की पुलाला हादरा. इथपर्यंत मला कळतं. गचका ह्या सगळ्यांपेक्षा वेगळा कसा? बावीस वर्षं तू बस चालवलीस. तुला हे पायाच्या तळव्याला कळत असणार.

सोबत पाच कोरी कार्डं आणि तिकीट लावलेलं पाकीट आहे. वर शब्द लिहायचा. खाली एक वाक्य, माणूस बोलला तसंच्या तसं. त्याखाली बोलणारा, ठिकाण, तारीख. तारीख नसलेलं कार्ड आम्ही घेत नाही, एवढं लक्षात ठेव. टायरखोलीत तुला वेळच वेळ असेल.

शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण शाईनं लिहिलंय.

तुझी,
ताई

२४ जानेवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पाकीट मिळालं. माझंच पाकीट, माझंच तिकीट, आणि आत काही नाही. डिंक मात्र नीट लावला होतास, पाकीट फोडताना माझं नख तुटलं. पाच कार्डंसुद्धा ठेवून घेतलीस. ती ऑफिसची आहेत.

तू मूग गिळून बसलास म्हणून मी तुझ्या बायकोला फोन केला. ती आधी दहा मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली, मग म्हणाली, “ताई, खरं सांगू का? जुन्या चौकश्या परत उघडतायत. फेब्रुवारीअखेर अर्ज करायचाय. ह्यांना अजून सव्वा वर्ष आहे नोकरीचं. पण हे करत नाहीत अर्ज.”

मी विचारलं, का?

“म्हणतात, अर्ज करून काय करू? साक्ष तीच राहणार ना.”

मग तिनं शेगडीवर काहीतरी आहे असं सांगून फोन ठेवला.

साक्षीचं म्हणशील, तर मी कुणाचं वाईट चिंतून गेले नव्हते. मला बोलावलं, मी गेले. रोज सकाळी तुझ्याच बसनं, तुझ्याच मागच्या सीटवर बसून ऑफिसला जाणारी मी, मला नाही तर कुणाला बोलावणार? बस जोरात हलली, दाराशी उभे असलेले म्हातारे मास्तर पायरीवर आदळले, त्यांचा खुबा मोडला. पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला सापडला. तू म्हणालास, पाटा तुटला म्हणून गाडी उसळली आणि मग मी ब्रेक मारला. डेपो म्हणाला, तू अचानक ब्रेक मारलास, त्या जोरानं जुना पाटा तुटला. चौकशी अधिकाऱ्यानं मला विचारलं, ब्रेक आधी की गचका आधी? मी सांगितलं, ब्रेक आधी. त्यांनी विचारलं, चालकानं सूचना दिली होती? मी सांगितलं, नाही. आणि तू दिली नव्हतीसच.

मास्तरांच्या खुब्याचं कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तुझ्या हातातलं चाक काढून तुला टायरखोलीत बसवतील हे मला काय माहीत होतं? आईच्या शेवटच्या आजारात आपण दोघं पलंगाच्या दोन बाजूंना तीन आठवडे बसलो आणि तू मला पाणीसुद्धा तिच्यामार्फत मागितलंस. तिला तेव्हा धड मान वळवता येत नव्हती.

असो. गचक्याचं बघ.

ताई

४ फेब्रुवारी

भोंग्या,

तू सांगत नाहीस म्हणून मी स्वतःच बसमध्ये जाऊन उभी राहिले. मागच्या चाकावर, दांडी धरून, दुसऱ्या हातात कार्ड. चार फेऱ्या केल्या. कंडक्टर दर वेळी म्हणायचा, “आजी, जागा आहे, बसा की.” मी त्याला म्हटलं, मला गचका बघायचाय. तो ड्रायव्हरकडे बघून डोक्याशी बोट फिरवायला लागला. मी आजी कधी झाले हे मला कुणी कळवलंच नाही.

एक गोष्ट मात्र कळली. एकही ड्रायव्हर खड्ड्याआधी काही बोलत नाही. तू बोलायचास. रस्ता खराब आला, उतार आला, रूळ आले, की तू आरशात बघून ओरडायचास, “पुढे गचका आहे, धरून बसा.” लोक हसायचे. शाळेची पोरं तुझ्याआधी ओरडायची. मला त्याची इतकी सवय होती की प्रूफं तपासता तपासता माझा हात आपोआप दांडीवर जायचा.

ही खोड तुझी लहानपणापासूनची. चाकं लावलेली ती फळी, तू पुढे ताटली फिरवत, तोंडानं भोंगा वाजवत, आणि मी तुझी एकुलती एक प्रवासी. स्वयंपाकघराचा उंबरठा आला की तू ओरडायचास, “पुढे गचका आहे, ताई, धर.” आणि मी धरायचे नाही. मुद्दाम पडायचे. तुला वाटायचं, तुझी गाडी फार जोरात जाते. लाल पेनला मूळ हवंय शब्दाचं. माझ्यापुरतं मूळ तो उंबरठा आहे, पण तसं छापता येत नाही.

आज गचक्याचा खण बाहेर काढला. गेल्या तीस वर्षांत जमलेली एकेचाळीस कार्डं आहेत. चाळीस ठीक. एक जरा लांबलचक वाक्याचं आहे, ते वापरता येणार नाही. ते जाऊ दे.

अर्जाची तारीख लक्षात ठेव. मी तुला सांगते आहे म्हणून नव्हे.

ताई

६ फेब्रुवारी

भोंग्या,

ते जाऊ दे असं मी परवा लिहिलं, ते जाऊ देता आलं नाही. दोन दिवस मी ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. आता सरळ लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच आणि मग काय फाडायचं ते फाड.

ते एकेचाळिसावं कार्ड माझ्याच अक्षरातलं आहे. त्यावर लिहिलंय :

गचका.
“आधी गचका बसला नि मग ह्यानं ब्रेक मारला. आता मारून काय उपयोग, म्हातारा पडला ना!”
बोलणारी : कापडाचा गठ्ठा घेतलेली शिवणकामवाली, खिडकीजवळ.
ठिकाण : बस.
१९ मार्च, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं.

तीच सकाळ. तीच बस. लोक मास्तरांना उचलत होते, तू दार उघडून खाली धावला होतास, आणि तुझी बहीण पर्समधून कार्ड काढून लिहीत होती. कारण बोलताना सहज आलेला ‘गचका’ तिला हवा होता. मी शब्दाखाली लाल रेघ मारली, ऑफिसात जाऊन कार्ड खणात टाकलं आणि विसरले. शब्द बघितला. वाक्य वाचलंच नाही. अकरा हजार कार्डं मी अशीच लिहिली आहेत, माणूस काय म्हणतो आहे इकडे माझं लक्षच नसतं. तीन आठवड्यांनी अधिकाऱ्यासमोर बसून मी उलटं सांगून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या वळशात तुझी आठ वर्षं गेली.

तू विचारशील, मग उलटं का सांगितलंस? मी काही पाहिलंच नव्हतं. माझं डोकं प्रूफांत होतं. गाडी हलली, चष्मा खाली पडला, मान वर केली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. माहीत नाही, एवढंच खरं उत्तर होतं. पण तिथल्या लेखनिकानं ओळख करून दिली होती, “ह्या शब्दकोशवाल्या बाई, ह्यांचं सगळं नेमकं असतं.” त्यानंतर माहीत नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आयुष्यात मी ते कुणाला म्हटलेलंच नव्हतं. आणि दुसरं, जे मी स्वतःलासुद्धा आज पहिल्यांदा सांगते आहे. मला भीती वाटत होती की लोक म्हणतील, भावाला सांभाळून घेते आहे. ‘ब्रेक आधी’ म्हटल्यावर अधिकारी म्हणाला, “सख्खी बहीण असून खरं बोललात, मानलं.” मी घरी येईपर्यंत त्या वाक्यावर खूश होते.

आणि सूचनेचं. तू त्या दिवशी ओरडला नाहीस, हे मी तुझ्याविरुद्ध सांगितलं. रूळ असोत, उतार असो, खड्डा असो, तू कधी न सांगता गाडी घातली नाहीस. त्या दिवशी ओरडला नाहीस, कारण तुलाच कळलं नव्हतं. पाटा तुटताना सांगून तुटत नाही. तुझ्या मागच्या सीटवर इतकी वर्षं बसलेल्या बाईला हे कळायला हवं होतं.

मी चुकले. ह्यात ‘असावे’ वगैरे काही नाही.

अर्ज कर. कार्ड मी आणते.

ताई

१५ फेब्रुवारी

भोंग्या,

कार्ड आणते असं लिहून मोकळी झाले, पण आमच्याकडून कार्ड बाहेर जात नाही. नियमच तसा आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे, एकदा एका प्राध्यापकानं दोन कार्डं हरवली तेव्हा. डेपोवाले म्हणतात, नक्कल चालणार नाही, जुनी शाई दिसली पाहिजे.

लाल पेनच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा उत्तर नाही असतं.

“बाई, भावाचं वाईट झालं, मला मान्य आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही तिथं जाऊन काय सांगणार? की मी न बघता खात्रीनं सांगितलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग उद्या कुणीतरी विचारेल, ह्याच बाईंची अकरा हजार कार्डं आहेत तुमच्या कोशात. ती बघून लिहिली की न बघता?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि ते खरं आहे. मी ऐकलं म्हणून कोशात असलेले शब्द आहेत. त्यांना माझ्या कानांशिवाय दुसरा पुरावा नाही. मला मूल नाही, बाळ नाही, भाऊ बोलत नाही. माझ्यामागे राहणार ती एवढी कार्डं.

मी म्हटलं, “विचारू देत.”

“विचार करा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ‘ग’च्या खंडावर तुमचं नाव पहिलं जाणार आहे.”

“मग जाऊ नये,” मी म्हटलं, आणि चहा पूर्ण पिऊन उठले. टाकून आले असते तर बरं दिसलं असतं, पण चहा चांगला होता.

दुपारच्या सुट्टीत खण उघडला, कार्ड काढलं, प्रूफांच्या पाकिटात घातलं आणि दारानं बाहेर पडले. तीस वर्षांत एक पेन्सिल घरी नेली नाही. म्हाताऱ्या शिपायानं विचारलं, “बाई, आज लवकर?” मी म्हटलं, गचका पोचवायला चालले. तो बिचारा म्हणाला, जपून जा.

तुझ्या बायकोनं अर्जावर तुझी सही घेतली असं कळलं. ताट पुढे सरकवायच्या आधी घेतली म्हणे. तिला माझा नमस्कार सांग.

ताई

२७ फेब्रुवारी

भोंग्या,

काल एकाच बाकावर दीड तास बसलो. मध्ये तुझी पिशवी होती. तुझे केस गेले आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय सांगितलं ते तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण तू सगळा वेळ पंख्याकडे बघत होतास. नव्या अधिकाऱ्यानं विचारलं, ब्रेक आधी की गचका आधी? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी पाहिलं नाही. तो म्हणाला, मग तेव्हा सांगितलंत ते? मी म्हटलं, ते खोटं होतं. जिनं पाहिलं तिचं बोलणं ह्या कार्डावर आहे. त्यानं कार्ड खिडकीपाशी नेऊन शाई बघितली, तारीख बघितली, जुन्या कागदांतली शिवणकामवालीची ओळ शोधली. तिचा जबाब कुणी घेतलाच नव्हता, फक्त प्रवाशांच्या यादीत होती. मग त्यानं मला विचारलं, “बाई, हे कार्ड तुमच्याकडे आठ वर्षं होतं?” मी हो म्हटलं. त्यानं ते दोनदा विचारलं.

बाहेर आल्यावर तू पायऱ्या उतरून सरळ गेलास. मला वाटलं होतं, निदान शिव्या देशील. तयारी करून आले होते. गुडघ्यामुळे मी पायऱ्यांवर मागे राहिले आणि तू वळून बघितलंस, की मला तसं वाटलं, ते मला माहीत नाही. हल्ली हे वाक्य फार येतं तोंडात.

ताई

२२ मार्च

भोंग्या,

निकाल तुझ्या आधी मला कळला, तुझ्या बायकोनं फोन केला. नोंदीतला ‘निष्काळजीपणा’ काढला. मास्तरांच्या मुलालाही तसं पत्र गेलं. मास्तर मागच्या वर्षी वारले, त्यांना ते कळलं नाही.

आणि मग तिनं डोळ्यांच्या तपासणीचं सांगितलं. चाक परत द्यायला ते तयार होते, पण तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि उजवा नियमात बसत नाही. शस्त्रक्रिया करून, रजा धरून, पुन्हा तपासणी होईपर्यंत तुझं सव्वा वर्ष संपेल. म्हणजे तू टायरखोलीतूनच घरी जाणार. आठ वर्षांपूर्वी तुझे डोळे ससाण्यासारखे होते. चार थांबे आधी मी कुठल्या रंगाची साडी नेसले आहे ते तू सांगायचास. ते डोळे टायरखोलीच्या पिवळ्या दिव्याखाली गेले, आणि ते मी परत आणू शकत नाही. कुठलंच कार्ड काढून आणू शकत नाही. मी फोन ठेवला आणि टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की टायपिस्टबाई उठून आल्या. कुणावर चिडू? माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

इथलं म्हणशील तर ‘ग’च्या खंडावरून माझं नाव निघालं. लाल पेन स्वतः सांगायला आले, चहा न मागवता. माझी कार्डं दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासायची असं ठरलंय. मी म्हटलं, तपासा. ‘गचका’ मात्र मलाच पुरा करायला दिला. मी लिहिलं, ‘आधी कळू न देता बसणारी उसळी’. मूळ ह्या रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’. त्यांनी लाल पेन उघडलं, बराच वेळ धरलं आणि टोपण लावलं.

खण परत लावायला घेतला, कार्डं मोजली. चाळीस. एकेचाळिसावं तुझ्या फाइलला टाचलेलं आहे, ते तिथंच राहील.

आणि आज दुपारी टपालात माझ्या नावाचं पाकीट आलं. तिकीट तुझं. आत जानेवारीत पाठवलेल्या पाच कार्डांपैकी एक, बाकीची चार अजून तुझ्याकडेच आहेत. टायरनं काळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा आहे कोपऱ्यावर. अक्षर ओळी सोडून गेलं आहे, डोळ्यांमुळे असेल. इथं उतरवून घेते, म्हणजे तुला कळेल की मी ह्या वेळी वाक्य वाचलं :

गचका.
“पुढे गचका आहे, ताई, धर.”
बोलणारा : मी.
ठिकाण : स्वयंपाकघराचा उंबरठा.
तारीख : 

तारखेची जागा तू कोरी सोडली आहेस. तारीख नसलेलं कार्ड आम्ही घेत नाही. हे मी खणात ठेवलं. एकेचाळीस झाली.

तुझी,
ताई